मुलांची सुट्टी स्वस्त असते, फुकट नसते

उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर आली की लहान मुलांना दिवसभर कसे रमवायचे यावर ठरावीक वाद झडतो आणि दोन्ही पक्ष आपापल्या जागी ठाम राहून तो संपतो. एका पक्षाचे म्हणणे असे की इतके आठवडे मूल घरात नुसते ठेवणे म्हणजे त्याचे नुकसान करणे होय. शिबिरे, छंदवर्ग, सहली यांवर खर्च केलाच पाहिजे आणि ज्याला तो झेपत नाही त्याने निदान घरच्या घरी वेळापत्रक आखून मुलाला गुंतवून ठेवावे. दुसरा पक्ष म्हणतो की हे सगळे बाजाराने लावलेले खूळ आहे. मुलांना काही लागत नाही, त्यांना मोकळे सोडा, कंटाळू द्या, ती आपली आपण खेळतील, आम्ही नाही का वाढलो? पहिला पक्ष खर्चालाच काळजी समजतो आणि दुसरा काळजीलाच चैन समजतो. माझे मत असे आहे की लहान मुलांची सुट्टी अगदी थोड्या पैशांत उत्तम जाऊ शकते, पण ती फुकट जात नाही. मोठ्या माणसांचा वेळ, खेळायला जागा आणि पसारा सहन करण्याची तयारी या रूपांत तिची किंमत कोणीतरी मोजतच असते. ती कोणी मोजायची, यावर वाद व्हायला हवा. आपण मात्र वर्षानुवर्षे खेळणी आणि शिबिरे यांच्यावरच भांडत बसलो आहोत.

वस्तूंचा प्रश्न आधी निकालात काढू, कारण तो त्यातल्या त्यात सोपा आहे. पीटर ब्रॉयगेल या चित्रकाराने 1560 साली मुलांच्या खेळांचे एक मोठे चित्र रंगवले. ते आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. त्यात दोनशेहून अधिक मुले आहेत आणि अभ्यासकांनी त्यांतले ऐंशीहून अधिक खेळ ओळखले आहेत. मुले पिंपाचे कडे काठीने पळवत आहेत, रिकाम्या पिंपावर घोडा करून बसली आहेत, साबणाचे फुगे सोडत आहेत, हाडांच्या तुकड्यांनी सागरगोट्यांसारखा खेळ मांडून बसली आहेत; एक मूल तर काठीने चक्क घाण ढवळत आहे. विकत आणलेले म्हणता येईल असे या गर्दीत फारच थोडे आहे. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांनी 1933 साली दिलेल्या एका व्याख्यानात या गोष्टीची मीमांसा केली. काठी मुलाच्या लेखी घोडा होऊ शकते, कारण तिच्यावर घोड्यासारखे बसून धावता येते. पोस्टकार्ड मात्र घोडा होऊ शकत नाही. म्हणजे मुलाची कल्पना वाटेल तशी भरकटत नाही. वस्तूने काय काय करता येते याची ती फार बारकाईने पारख करते. ज्या वस्तूचा उपयोग आधीच ठरलेला नाही, तिच्यात खेळाला वाव जास्त असतो. अमेरिकेत रॉचेस्टर येथील संग्रहालयात सर्वोत्तम खेळण्यांचे एक मानाचे दालन आहे. तेथे नामांकित कंपन्यांच्या खेळण्यांच्या पंक्तीला 2005 मध्ये पुठ्ठ्याचे खोके, 2008 मध्ये काठी, 2011 मध्ये पांघरूण आणि 2021 मध्ये वाळू बसवण्यात आली. हा निर्णय काहींना विनोदी वाटला असेल. मला तो उशिरा सुचलेले शहाणपण वाटतो.

बरे, वस्तू कमी असल्या तर मुले खरोखर वाईट खेळतात का? अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठातील संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दीड ते अडीच वर्षांच्या 36 मुलांना एकदा चार खेळण्यांसह आणि एकदा सोळा खेळण्यांसह खेळू दिले. चारच खेळणी असताना मुले एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि ते अधिक निरनिराळ्या रीतींनी हाताळू लागली. छत्तीस मुलांवरून जगाचा निवाडा करू नये, हे मान्य. पण जर्मनीतल्या बव्हेरियामध्ये 1992 पासून एक उपक्रम याच दिशेने चालला आहे. तेथे काही बालवाड्यांनी तीन-तीन महिने सगळी तयार खेळणी उचलून ठेवली आणि टेबल-खुर्च्या, पांघरुणे, उशा तेवढ्या मुलांच्या ताब्यात दिल्या. गंमत अशी की हा उपक्रम सुरू करणारे लोक खेळण्यांच्या विरोधातले नव्हते, व्यसनमुक्तीचे काम करणारे होते. कंटाळा आला की बाहेरून काहीतरी मिळालेच पाहिजे, ही सवय लहानपणीच मोडावी, असा त्यांचा विचार होता.

इथवर आले की दुसरा पक्ष खूश होतो. आम्ही तेच म्हणत होतो, मुलांना काही लागत नाही! पण जरा थांबावे लागेल. पाण्याचा खेळ घ्या. एक बादली, एक नरसाळे, एक चाळणी, दोन-तीन रिकाम्या बाटल्या आणि एक फडके एवढ्या सामानावर चार वर्षांचे मूल तास-दीड तास सहज काढते. आधी ते नुसते पाणी ओतते. मग चाळणीत पाणी का राहत नाही, याचा तपास सुरू होतो. पुढे फडके चाळणीवर पसरले तर पाणी हळू गळते, हा शोध लागतो. मग अरुंद तोंडाची बाटली नरसाळ्याशिवाय भरायची कशी, यावर झटापट होते आणि निम्मे पाणी जमिनीवर जाते. यात एक पैसाही खर्च झालेला नाही. परंतु लहान मूल बोटभर खोल पाण्यातही बुडू शकते, म्हणून तेवढा वेळ कोणीतरी जवळ बसलेले लागते. लादी ओली होते ती पुसावी लागते. कपडे बदलावे लागतात. आणि मुळात असा खेळ मांडायला ओले झालेले चालेल अशी चार हात जागा लागते. एका खोलीत राहणाऱ्या, दोन पाळ्यांत काम करणाऱ्या आईला ‘मुलांना काही लागत नाही’ हे ऐकवणे म्हणजे तिच्या जखमेवर मीठ चोळणे आहे. ज्याच्याकडे अंगण आहे, घरात रिकामे मोठे माणूस आहे आणि पसारा आवरायला मदत आहे, त्याची साधी सुट्टी खरे पाहता बरीच महाग असते; फक्त तिची पावती फाडली जात नाही.

म्हणूनच शिबिरांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा मी आधी मान्य करतो. आईवडील दोघेही कामावर जात असतील तर शिबिर हा छंद नसतो, ती मुलाला सांभाळण्याची व्यवस्था असते. चित्रकला, नृत्य, रोबो बनवणे हे तिच्या दारावरचे फलक आहेत. पालक पैसे मोजतात ते सकाळपासून दुपारपर्यंत मूल सुरक्षित राहावे म्हणून. ‘पालकांनी स्वतः वेळ द्यावा’ हा उपदेश या ठिकाणी निरर्थक आहे, कारण शाळेला जेवढी सुट्टी असते तेवढी कचेरीला आणि कारखान्याला नसते. ही विसंगती पालकांनी निर्माण केलेली नाही, आणि तिची सगळी भरपाई पालकांनी वैयक्तिक खिशातून करावी ही अपेक्षाही न्याय्य नाही.

‘आम्ही नाही का वाढलो’ या युक्तिवादाचेही उत्तर येथेच दडलेले आहे. मोकळ्या बालपणाच्या आठवणी सांगणारे लोक खोटे बोलत नाहीत. ते अर्धे चित्र सांगतात. दिवसभर गल्लीत हुंदडणाऱ्या त्या मुलांवर लक्ष कोण ठेवत होते? घरोघरच्या बायका, ज्यांच्या श्रमाची गणती कोणी केली नाही. ओट्यावर बसलेले म्हातारे. आणि बहुतेक वेळा एखादी थोरली बहीण, जिच्या कडेवर धाकटे भावंड असे आणि जिची स्वतःची सुट्टी त्यातच संपत असे. रस्त्यावर वाहने कमी होती, म्हणून रस्ता हेच मैदान होते. ती व्यवस्था स्वस्त होती, कारण काही माणसांकडून ती फुकट करून घेतली जात होती. ती पुन्हा आणा असे म्हणणाऱ्यांनी त्यातले काम पुन्हा कोणाच्या वाट्याला जाणार, हे आधी सांगावे.

मग खर्च थोडा आणि व्यवस्था पुरेशी, असे कुठे जमले आहे का? जमले आहे, आणि तेही फार कठीण काळात. डॅनिश भू-रचनाकार कार्ल थिओडोर सोरेन्सन यांच्या लक्षात आले होते की त्यांनी आखलेल्या नीटनेटक्या क्रीडांगणांपेक्षा मुले अर्धवट बांधकामांच्या आवारात, फळ्या आणि विटांच्या ढिगात जास्त रमतात. 1943 साली, देश जर्मन फौजांच्या ताब्यात असताना, कोपनहेगनजवळच्या एमड्रुप येथे कामगारांच्या सहकारी वसाहतीत त्यांच्या कल्पनेप्रमाणे एक ‘भंगाराचे मैदान’ उघडले गेले. लाकडाचे तुकडे, जुनी चाके, दोर, विटा, हातोड्या आणि खिळे असा तेथला सरंजाम होता. मुलांनी तेथे झोपड्या बांधल्या, खड्डे खणले, बांधलेले पाडले आणि पुन्हा बांधले. आपण आखलेल्या कामांत दिसायला सर्वांत कुरूप हेच आहे, तरी आपल्याला सर्वांत सुंदर तेच वाटते, असे सोरेन्सन यांनी पुढे म्हटले. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1946 मध्ये, मुलांच्या कल्याणासाठी झटणाऱ्या ब्रिटनच्या लेडी ॲलन ऑफ हर्टवुड यांनी हे मैदान पाहिले आणि ब्रिटनमध्ये बॉम्बहल्ल्यांनी उजाड झालेल्या जागांवर तशी मैदाने उभी राहावीत म्हणून चळवळ केली.

या हकिगतीतला एक तपशील मुलांना मोकळे सोडा म्हणणारे नेहमी गाळतात. एमड्रुपला मुले मोकळी सोडलेली नव्हती. तेथे पहिल्यापासून जॉन बर्टेल्सन नावाचे एक पूर्णवेळ खेळप्रमुख नेमलेले होते. खेळ कोणता खेळायचा हे ते ठरवत नसत. हत्यारे कुठे आहेत हे पाहणे, भांडण हातघाईवर आले तर मध्ये पडणे, मुलाने विचारले तर खिळा कसा धरायचा ते दाखवणे आणि एरवी दूर राहणे, असे त्यांचे काम होते. भंगार फुकट मिळाले. माणूस पगारावर ठेवावा लागला. स्वस्त खेळाचे सारे अर्थशास्त्र या एका गोष्टीत आहे, आणि आपण नेमके उलटे करतो. महागडी घसरगुंडी आणि रंगीत झोपाळे विकत घेऊन उद्यानात बसवतो, त्यांचे उद्घाटन करतो, आणि तेथे दिवसभर थांबणारे माणूस नेमायची वेळ आली की निधी नसतो.

आता विषमतेचा आक्षेप, जो मला व्यक्तिशः सर्वांत अडचणीचा वाटतो. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात 1982 पासून पहिलीतल्या मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा करणारा एक अभ्यास झाला. शाळा चालू असताना गरीब आणि सुस्थितीतील मुले जवळपास सारख्याच वेगाने शिकतात. सुट्टीत मात्र सुस्थितीतील मुले पुढे सरकतात आणि गरीब मुले जागच्या जागी राहतात, असा त्याचा निष्कर्ष होता. नववीतल्या मुलांमधील तफावतीचा सुमारे दोन तृतीयांश भाग प्राथमिक शाळेतल्या सुट्ट्यांशी जोडता येतो, असे त्या संशोधकांनी मांडले. पुढे इतर अभ्यासकांनी त्या काळच्या चाचण्यांच्या मोजमापावर आक्षेप घेतले आणि हा परिणाम दाखवला जातो तेवढा मोठा नसावा असे म्हटले. तो वाद तज्ज्ञांनी मिटवावा. पण निष्कर्ष पूर्ण खरा धरला तरी त्यातून काय निघते? सुस्थितीतील मुलांना सुट्टीत पुस्तके मिळतात, बोलणारी-ऐकणारी मोठी माणसे मिळतात, चार नव्या जागा पाहायला मिळतात. यांतले काहीही शिबिरापुरते बांधलेले नाही. पुस्तके ग्रंथालयात असतात. गप्पा मारायला माणूस लागतो, शुल्क लागत नाही. विषमता खरी आहे म्हणून सगळ्यांनी कर्ज काढून वर्ग लावावेत, हा निष्कर्ष फक्त वर्ग चालवणाऱ्यांच्या सोयीचा आहे.

शिवाय वर्गांनी आणि वेळापत्रकांनी एक वेगळेच नुकसान होते, त्याकडे क्वचितच कोणी पाहते. 1973 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतील, चित्रे काढायला मुळातच आवडणारी मुले निवडली होती. काहींना आधीच सांगितले की चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते अनपेक्षित दिले. काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी रंगीत पेने पुन्हा वर्गात ठेवली, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रे काढलेली मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ त्यांच्याकडे वळली. जी गोष्ट ती आपणहून करत होती, ती मोबदल्याचे काम झाली. हल्ली पालकांमध्ये फिरणाऱ्या ‘सुट्टीत फुकट करण्याच्या शंभर गोष्टी’ छापाच्या याद्यांबद्दल माझी तक्रार याच जातीची आहे. रोज एक कृती, तिच्यापुढे बरोबरची खूण, शेवटी फोटो! पैसे वाचले, पण शाळा सुटली नाही. पाण्याच्या खेळातले ते मूल पाऊण तास चाळणीवरच अडून बसले तर यादीच्या हिशेबी ते मागे पडलेले असते. वास्तविक त्याचा दिवस सार्थकी लागलेला असतो.

मोबाइल-टीव्हीच्या पडद्याचा विषय टाळता येत नाही, कारण आजची सर्वांत स्वस्त करमणूक तीच आहे आणि तिला माणूस लागत नाही, जागा लागत नाही, पसाराही होत नाही. वर सांगितलेल्या तिन्ही किमती ती एका झटक्यात वाचवते, म्हणून थकलेला पालक तिच्याकडे वळतो. त्याला दोष देण्यात काही अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. दोन ते चार वर्षांच्या मुलांचे बसून पडदा पाहणे दिवसाला तासाभराच्या आत असावे आणि तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसात निदान तीन तास हिंडते-फिरते असावे, त्यांतला एक तास चांगल्या दमाने, असे त्या सांगतात. सूचना चांगल्या आहेत. पण तीन तास हिंडायचे कुठे? खाली वाहने, वर बंद दार, मधल्या जिन्यात शेजाऱ्यांच्या तक्रारी. पडद्याविरुद्ध पालकांना व्याख्याने देणारे समाजधुरीण मुलांना हिंडायला जागा देण्याच्या वेळी कुठे असतात?

जागेचा प्रश्न सुटत नाही, असेही नाही. ॲमस्टरडॅम शहराने 1947 मध्ये बर्टेलमानप्लाइन या चौकात एक छोटेसे क्रीडांगण केले: वाळूचा हौद, उड्या मारायला दगडी ठोकळे, लोंबकळायला लोखंडी दांड्या आणि मोठ्यांना बसायला बाके. नगररचना विभागातल्या याकोबा मुल्डर यांच्या पुढाकाराने आणि आल्डो व्हान आइक या तरुण वास्तुविशारदाच्या आराखड्याने सुरू झालेले हे काम 1978 पर्यंत सातशेहून अधिक क्रीडांगणांवर गेले. पडीक भूखंड, पाडलेल्या घरांच्या जागा, रस्त्यांचे रिकामे कोपरे अशा कोणालाच नको असलेल्या जागा त्यासाठी शोधल्या गेल्या. आमच्याकडेही एक करा, अशी पत्रे रहिवासी नगरपालिकेला लिहीत. बाकांचा तपशील महत्त्वाचा आहे, कारण बसायला जागा असेल तरच मोठी माणसे थांबतात, आणि ती थांबली की मुलांवर सहज लक्ष राहते. वस्तूंच्या बाबतीतही अशी सामायिक सोय जुनी आहे. आर्थिक महामंदीच्या काळात, 1935 साली, लॉस एंजेलिसमध्ये खेळणी उसनी देण्याची योजना सुरू झाली. ग्रंथालयातून पुस्तक न्यावे तसे मुलाने खेळणे न्यायचे आणि वापरून परत आणायचे. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम मांडले, तेव्हा माँटेसरी पद्धतीची महागडी साधने बाजूला ठेवून शिंपले, खडे, बिया, पाने यांवर भिस्त ठेवली. पण त्या शिंपल्यांच्या शेजारी बसायला त्या स्वतः आणि अनुताई वाघ यांच्यासारख्या व्यक्ती होत्या.

हे सारे मोठमोठ्या योजनांचे काम वाटत असेल तर अगदी हाताशी असलेल्या गोष्टीपासून आरंभ करता येईल. प्रत्येक वस्तीजवळ एक मोकळे, कुंपण असलेले, पाण्याची सोय असलेले मैदान सार्वजनिक पैशातून आधीच बांधलेले असते. त्याला शाळा म्हणतात, आणि मुलांना मैदानाची सर्वांत जास्त गरज असते त्याच आठवड्यांत त्याला कुलूप असते. कोणी पडले-झडले तर जबाबदारी कोणाची, हा मुख्याध्यापकांचा प्रश्न रास्त आहे, आणि तो एकट्या मुख्याध्यापकांवर टाकणे गैर आहे. जबाबदारी स्थानिक प्रशासनाने लेखी स्वीकारावी, विमा उतरवावा आणि सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास थांबायला दोन प्रशिक्षित माणसे मानधनावर नेमावीत. वाळूचा एक ढीग, फळ्या, जुने टायर, दोर आणि खोकी एवढे साहित्य पुरते. कामावर जाणाऱ्या पालकांचा सगळा दिवस यातून सुटणार नाही, त्यांच्यासाठी वेळ वाढवावी लागेल आणि त्याचा खर्चही वाढेल. तो उघडपणे मांडावा आणि करातून भागवावा. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेतील एकतिसाव्या कलमाने विश्रांती आणि खेळ हा मुलाचा हक्क ठरवला आहे, आणि तिच्यावर सही केलेल्या देशांना तो मान्य आहे. शाळेच्या फाटकाची किल्ली कोणाकडे मागायची आणि त्या दोन माणसांचे मानधन कोणत्या लेखाशीर्षातून निघेल, हे दोन प्रश्न पालकांनी एकत्र येऊन सुट्टी लागण्याच्या दोन-तीन महिने आधी, अंदाजपत्रक ठरत असतानाच विचारले पाहिजेत. कारण सुट्टी सुरू झाल्यावर मिळणारे उत्तर ठरलेले असते की या वर्षीची तरतूद संपली.